आज महत्त्वाचं काही सांगू नका

धाकटीची अक्कलदाढ काढायची होती, आणि बाई इतक्या घाबरट की डॉक्टरांनी शिरेतून गुंगीचं औषध द्यायचं ठरवलं. गुंगीनंतर पेशंटला एकटं सोडत नाहीत, घरचं माणूस सोबत लागतं. म्हणून थोरली बहीण आली. थोरली सगळीकडे वेळेवर हजर. आईच्या शेवटच्या आठवड्यातही उशाशी तीच होती, आणि नात्यागोत्यात तिचं केवढं कौतुक झालं होतं.

दाढ निघाली. नर्सनं धाकटीला शेजारच्या खोलीत निजवलं. "त्या बोलतील, उत्तरंही देतील," ती थोरलीला म्हणाली, "पण नंतर यातलं काही आठवणार नाही. तेव्हा आज महत्त्वाचं काही सांगू नका." आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली.

थोरलीनं दार लोटून घेतलं. सहा वर्षं मूग गिळून बसलेल्या बाईला अशी संधी पुन्हा कुठली मिळायला!

"ऐकतेस ना? आई चार दिवस तुझंच नाव घेत होती. तिला बोलाव, तिला बोलाव. मी तुला फोन केला नाही."

धाकटीच्या गालात कापसाचा बोळा होता. "का ग, ताई?"

"सगळं मी करायचं, आणि आईच्या तोंडी मात्र तू!"

धाकटी हुंदके देऊन रडली. बोळा लाल झाला. थोरलीनं तिचे डोळे पुसले, पाठीवरून हात फिरवला, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. कित्येक दिवसांनी सपाटून भूक लागली.

तासाभरानं धाकटी नीट भानावर आली. "डोळे का चुरचुरताहेत? मी रडले का ग?"

"औषधानं होतं असं."

टॅक्सीत धाकटीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दरवर्षी एकदा तरी विचारायची, तेच तिनं पुन्हा विचारलं. "ताई, शेवटी आईनं माझी आठवण काढली होती का ग? एकदा तरी?"

सांगायला आता काय जड होतं? पण आपलं ओझं उतरलं, की दुसऱ्याच्या डोक्यावरचं कोण बघतंय!

"नाही ग," थोरली म्हणाली. "मनाला लावून नको घेऊस."

धाकटीनं सुजलेला गाल सावरत मान हलवली. "तू होतीस तिच्याजवळ," ती म्हणाली, "तेवढं तरी बरं झालं."