खांबावरचा हातमोजा

आमच्याकडे पिकअपमध्ये शेजारी बसलेल्यानं उतरून फाटक उघडायचं असतं. चालवणारा हात शेकत बसून राहतो. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो मोडणाऱ्याला आम्ही शहरी समजतो. दुसरा नियम खांबाचा. रायफल घेऊन रानात शिरताना फाटकाच्या खांबावर आपला एक हातमोजा, बोटं वर करून, अडकवायचा आणि परतताना काढून घ्यायचा. मागून येणारा तो बघतो, आत माणूस आहे हे समजतो आणि दुसरं रान धरतो. घोटाळा एवढाच, की वाटेत कुणाचा पडलेला हातमोजा सापडला तर तोही आम्ही जवळच्या खांबावर तसाच अडकवतो, मालकाला दिसावा म्हणून.

या घोटाळ्यात तीन हिवाळ्यांपूर्वी मी लोवेलला मारलं.

लोवेल माझा शाळेपासूनचा दोस्त. त्या सकाळी त्याच्याच रानाच्या उत्तरेकडच्या फाटकावर त्याचा डावा हातमोजा होता. आदल्या दिवशी तो तिथं कुंपणाच्या तारा ओढत होता. मला वाटलं, विसरला वेंधळा. कॉफी पिताना चिडवायला बरा, म्हणून मी तो काढून खिशात घातला आणि कायोटीच्या, म्हणजे आमच्याकडच्या रानकोल्ह्याच्या, मागावर आत गेलो. अर्ध्या तासानं एका खुरट्या झाडाखाली तपकिरी काहीतरी हललं. गळ्यातली दुर्बीण कोटाच्या आत होती. बटणं सोडायचा कंटाळा आला, म्हणून मी रायफलीवरच्याच दुर्बिणीतून पाहिलं. असं पाहणाऱ्याचं बोट चापावरच असतं. लोवेलचा कोट तपकिरी होता.

शेरीफनं विचारलं, "खांबावर हातमोजा होता?"

मी म्हणालो, "नव्हता."

तेवढ्या एका शब्दानं मी सुटलो आणि लोवेल अडकला. चार शिकारी एकत्र बसले की जो तो मान हलवून म्हणायचा, इतका जुना गडी, आणि साधा हातमोजा लावला नाही. आपल्याच हातानं गेला. त्याची बायको अर्लिस हे चर्चमध्ये ऐकायची, किराण्याच्या दुकानात ऐकायची. मी तिच्या मेंढ्यांची लोकर कातरायला जायचो, गोठ्याचं छप्पर शाकारायचो, तिच्या हातचं खायचो. आणि तो हातमोजा माझ्या पिकअपच्या सीटखाली कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडून होता. मला तो फेकवला नाही, जाळवलाही नाही. माझ्यासारखा भेकड माणूस डकोटात दुसरा नसेल.

या जानेवारीत अर्लिसचा फोन आला. कायोटींनी तिच्या दोन गाभण मेंढ्या फाडल्या होत्या आणि खोकडांनी कोंबड्यांचा फडशा पाडला होता.

"रायफल घ्यायचीय," ती म्हणाली. "निवडायला चल."

"अगं, मी तीन वर्षांत रायफलीला हात लावला नाही."

"हात लावायला कोण सांगतंय? डोळे लाव. भोपळा निवडताना लावतोस तसे."

दुकानदार रुडीनं काउंटरवर तीन रायफली मांडल्या. पहिली हलकी होती. तिची बारीक गोळी खोकडाचं कातडं खराब करत नाही, पण आमच्या वाऱ्यात ती भलतीकडेच वाहत जाते. तिसरी हरणाची. तिनं खोकड मारलं तर हाती फक्त शेपूट येईल. मी मधली पुढं सरकवली. वाऱ्याला पुरून उरेल आणि अर्लिसच्या खांद्याला झेपेल अशी.

तिनं ती उचलली, दस्ता गालाला लावला आणि भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला.

"तुझी हीच होती ना, व्हर्लिन?"

रुडी एकदम काडतुसांचे खोके लावू लागला.

"हो," मी म्हणालो. "हीच."

"मग हीच बांध रे, रुडी. आणि गळ्यात घालायची एक दुर्बीण दे. चांगल्यातली. त्यात काटकसर नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रान बघायला निघालो. नवी रायफल तिनं मांडीवर आडवी घेतली होती. नळी दाराकडे, शिस्तीत. रात्री बर्फ पडून गेलं होतं आणि वारा नव्हता. आमच्याकडे वारा नसतो असं होत नाही. वारा पडला की आमची कुत्रीसुद्धा घराबाहेर येत नाहीत. कुंपणाची तार वाजत नव्हती, गवताचं पातं हलत नव्हतं. पिकअप थांबवलं की कानात स्वतःचंच रक्त ऐकू यायचं.

दक्षिणेकडून सुरुवात केली. मी तिला माग दाखवत गेलो. कुत्रं भरकटत चालतं, कायोटी कामाला निघाल्यासारखा सरळ रेषेत चालतो. खोकडाचं पाऊल त्याहून बारीक, एकापुढं एक. बसायचं ते टेकाडाच्या उतारावर, माथ्यावर कधीच नाही. ऊन पाठीशी हवं, वारा तोंडावर हवा. समोर घळ असली तर उत्तम, कारण सशाच्या किंकाळीची नक्कल करणाऱ्या पिपाणीचा आवाज ऐकला की ती जनावरं घळीतूनच येतात.

"लोवेल पण असंच सांगायचा," ती म्हणाली. "त्याची ती पिपाणी आठवते? चिरलेली?"

विसरेन कशी? लाकडी पिपाणी होती. तिची पट्टी चिरली होती, म्हणून सशाच्या किंकाळीच्या शेवटी सूर फाटायचा आणि उचकी लागल्यासारखा आवाज यायचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, कायोटी काय गाण्याच्या परीक्षेला येतात?

"सगळे माग उत्तरेकडं चाललेत," अर्लिस म्हणाली. "उत्तरेच्या फाटकाकडं घे."

मी तीन वर्षांत तिकडं फिरकलो नव्हतो. पण नाही कसं म्हणणार? ते तिचं रान आणि तिच्या मेंढ्या.

फाटकाशी ती उतरली. माझ्याकडे पाठ करून खांबाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली, मग साखळी सोडून बाजूला झाली. खांबावर हातमोजा होता.

हरणाच्या कातड्याचा, पिवळट. अंगठ्यापाशी निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं. ते रफू मी ओळखत होतो. रोज सीटखाली हात घालून मी ते बोटानं चाचपत आलो होतो. मी वाकून डबा ओढला, झाकण काढलं. हातमोजा आतच होता.

समोर खांबावर एक आणि माझ्या मांडीवर एक. खांबाच्या पलीकडच्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

"आत कुणीतरी आहे," मी काच खाली करून म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता. "परत जाऊ."

"कशावरून?"

"हातमोजा आहे ना खांबावर."

तिनं सरळ त्या हातमोज्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाही बाबा. हातमोजा नव्हता. तूच तर शेरीफला सांगितलंस."

ती खिडकीशी आली.

"लोवेलचे कपडे घरी आले तेव्हा त्यात एकच हातमोजा होता. उजवा. कोटाच्या खिशात. हाच. शून्याखालच्या थंडीत घरातून एकच हातमोजा घालून कोण निघतं, व्हर्लिन? तीन वर्षं मी हे स्वतःला विचारतेय. आज तुला विचारते."

मी उतरलो. डब्यातला डावा हातमोजा खांबावर उजव्याशेजारी अडकवला. दोन्हीवर तिच्याच हातचं निळं रफू होतं.

"मीच काढला होता," मी म्हणालो. "वाटलं, आदल्या दिवशी विसरलाय."

"आणि शेरीफला?"

"घाबरलो."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं खिशातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. चिरलेली पिपाणी.

"ही पण त्याच्या खिशात होती. आत जा. तो बसला होता तिथं बस आणि वाजव."

"आणि तू?"

"मी इथं उतारावर बसते. ऊन पाठीशी." तिनं रायफलीचा बोल्ट ओढून काडतूस आत सारलं. "शिकवलंस ना आत्ता?"

मी गेलो. पळता आलं असतं, पिकअप चालू होतं. पण तिचा तेवढा हक्क आहे असं मला मनापासून वाटलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा जीव हलका झाला. भीती होतीच. दर पावलाला पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, एक जागा गार पडत होती.

घळीच्या तोंडाशी एकच खुरटं झाड आहे. लोवेल त्याच्याखाली बसला होता. कायोटींचे ते सगळे सरळ माग तिथवर आले होते आणि झाडापासून वीस पावलांवर वळले होते. एकूण एक. झाडाभोवती मोठा गोल कोरा बर्फ, आणि त्याच्या कडेनं मागांचं रिंगण. मी ते रिंगण ओलांडून झाडाखाली बसलो. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. पिपाणी ओठांपर्यंत नेववेना. मुठीत घट्ट धरून बसलो.

तेवढ्यात सशाची किंकाळी आली.

माझ्या डाव्या हाताला, चार पावलांवरून. लांबलचक, केविलवाणी, आणि शेवटी सूर फाटून उचकी. थांबली. पुन्हा आली. तिकडं नुसतं बर्फ होतं. मला मान वळवायचा धीर झाला नाही, मी फक्त डोळे फिरवले. बर्फावर काही नव्हतं, आणि किंकाळी तिथूनच येत होती.

घळीतून एक लाल खोकड वर आलं. रिंगणाच्या कडेला थबकलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत ते शेपूट पायांशी ओढून खाली बसलं, मालकासमोर कुत्रं बसतं तसं. किंकाळी आणखी एकदा झाली, मग थांबली. खोकड उठलं आणि आल्या वाटेनं निघून गेलं. मागून गोळी आली नाही.

किती वेळानं उठलो ते आठवत नाही. पाय लाकूड झाले होते. उतारावर अर्लिस तशीच बसली होती. रायफल तिच्या शेजारी बर्फावर होती, बोल्ट उघडा, काडतूस बाहेर काढून ठेवलेलं. गळ्यातली दुर्बीण तिच्या दोन्ही हातांत होती.

"छान वाजवलंस," ती म्हणाली. "शेवटची उचकीसुद्धा जमली."

हो म्हणणं सोपं होतं. त्या जागी सोपं बोलायची मला सवय होती.

"मी वाजवली नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. तुझे हात सारा वेळ गुडघ्यांवर होते." तिनं दुर्बीण खाली केली. तिचे डोळे ओले होते. "गळ्यातल्या दुर्बिणीतून सगळं दिसतं, व्हर्लिन. माणूससुद्धा."

परतताना तिनं दोन्ही हातमोजे खांबावरून काढले आणि आपल्या हातात चढवले. तिला ते फार मोठे होत होते. मग तिनं फाटक लावलं आणि गाडीत येऊन बसली. हमरस्त्यावर आल्यावर तिच्या घरासाठी डावीकडे वळायचं असतं. मी उजवीकडे वळलो, शेरीफच्या कचेरीकडे. ती त्या मोठ्या हातमोज्यांतले हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली.