बॉयलरपाशी शांत वाटलं तेव्हा

बॉयलरमामाला आनंदाची भीती वाटायची. हसू नका, खरंच वाटायची. बायको दवाखान्यातून बरी होऊन घरी आली, तेव्हा हा चांगलं मोठ्यानं म्हणाला होता, "सुटलो बुवा, आता सगळं छान होणार." त्याच आठवड्यात ती गेली. तेव्हापासून गड्यानं चांगलं बोलणंच टाकलं. कुणी विचारलं, काय मामा, कसं काय, तर म्हणायचा, "चाललंय रडतखडत." बरं चाललेलं असलं तरी.

मामा एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचा. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कपडे, सगळं त्याच्या वाफेवर. भिंतीपलीकडं इस्त्रीचा हॉल, तिथं दहाबारा बायका, आणि त्यातच त्याची एकुलती एक लेक.

या लेकीनं नवंच खूळ काढलं होतं. दुपारी डबा खायला ती बॉयलरपाशी यायची आणि सकाळपासून काय बरं वाटलं ते सांगितल्याशिवाय झाकण उघडू द्यायची नाही.

"आज पाठ दुखली नाही," मामा म्हणायचा.

"हे दुखण्याचंच झालं, बाबा. बरं वाटलेलं सांगा."

"भूक लागलीय, हे धर."

"मीच सांगते. गरम चादरीची घडी पोटाशी धरली, काय ऊब आली म्हणून सांगू! आता तुम्ही."

"अगं, बोलून दाखवलं की जातं ते."

"मग मनात धरा. पण धरा तरी."

मनात धरायला काय, तिथं कोण ऐकतंय, असं म्हणून मामा शोधायला लागला. आधी सापडेचना. त्याचे कान जन्मभर बिघाडच शोधत आलेले. कुठं खरखर, कुठं शिट्टी. मग हळूहळू सापडायला लागलं. खिडकीतून पायावर आलेलं ऊन. चहाचा पहिला घोट. सापडलं की छातीत धस्स व्हायचं, चोरी पकडल्यासारखं. पण रोज सकाळी स्टुलावर बसून शोधायची सवय मात्र लागली.

त्या दिवशीही बसला. ऊन नव्हतं. चहा पांचट. मग आज काय बरं? आणि त्याच्या ध्यानात आलं, आज शांत आहे. बर्नरची घूंघूं तेवढी, बाकी काही नाही. किती छान! डोळे मिटले गड्यानं.

आणि लगेच खाडकन उघडले. शांत का आहे?

बॉयलरला पाणी देणारा एक जुना पंप होता. म्हाताऱ्यागत खोकत सुरू व्हायचा, खोकत बंद पडायचा. इतकी वर्षं खोकला, की मामाच्या कानाला तो लागेनासाच झाला होता. कधीपासून गप्प होता हा?

मामानं काचेच्या नळीकडं बघितलं. बॉयलरात पाणी किती ते तिच्यात दिसतं. अर्ध्यावर होतं. हुश्श करायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. चालत्या बॉयलरचं पाणी नळीत थरथरतं. हे ढिम्म होतं. नळी तुंबलेली. आत पाणी किती, देव जाणे. कदाचित थेंबही नाही.

हात पंपाच्या बटणाकडं गेला. पाणी नाही तर पाणी द्या, कुणाचाही हात तिकडंच जाणार. बोट टेकलं आणि अंगावर सरसरून काटा आला. कोरड्या, तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं, तर एका क्षणात वाफ होऊन बॉयलर फुटणार, हॉलची मधली भिंत उरायची नाही. बोट मागं घ्यायचं, तर ते हलेना. शेवटी दुसऱ्या हातानं मनगट धरून ओढलं. बर्नर बंद केला आणि इस्त्रीच्या हॉलाकडं पळत सुटला.

"बाहेर! सगळ्या बाहेर!"

"अहो मामा, चादरी अर्ध्या..."

"खड्ड्यात गेल्या चादरी! पळा!"

बायका अंगण ओलांडून पार फाटकापाशी गेल्या. मामा एकेक तोंड बघत गेला. लेक नव्हती. तो परत दाराकडं वळला, तोच लेक आली, एका जाड्या बाईला पाठीमागून ढकलत.

"चपला शोधत बसली होती ही!"

"नव्या आहेत गं," जाडी म्हणाली.

आता थांबायचं. आग विझली होती, पण तापलेलं लोखंड काही लगेच ऐकत नाही.

"माझ्यामुळं झालं," मामा पुटपुटला. "मनात म्हणालो, किती छान शांत आहे. माझीच दृष्ट लागली."

"बाबा, पंप तुमच्या मनातलं ऐकून बंद पडला होय? तुम्ही शांतता ऐकली म्हणून तर आम्ही बाहेर आहोत!"

"मनातलं ऐकत असेल," जाडी म्हणाली, "तर माझ्या नवऱ्यापेक्षा बरा. त्याला ओरडलेलंही ऐकू येत नाही."

बायका फिस्सकन हसल्या. मामालाही हसू फुटलं, आणि त्यानं घाबरून तोंडावर हात दाबला. नजर भिंतीवर. काहीही होऊ शकत होतं अजून. मग त्यानं हात काढला. लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"बरं वाटतंय मला," तो मोठ्यानं म्हणाला, भिंतीवरची नजर न काढता.

भिंत उभी होती.