भिंगरीच्या शेजारची खुर्ची

भिंगरीला शाळेतून काढा, असा अर्ज मीच दिला होता. कारणही साधंसुधं नव्हतं. बीजगणिताच्या चाचणीआधी मी नकाशांच्या खोलीत खडू आणायला गेले आणि या पोरीने बाहेरून कडी घातली. अख्खा तास मी आत, चाचणी बोंबलली, आणि आठवीचा वर्ग खुशीत. माझं टाळकं असं सरकलं की विचारू नका.

पूर्वी मोठ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात दाखला ठेवला असता. पण आता नवा नियम आलाय. आधी मुलीचं ऐकायचं, तिच्या राहण्याने कुणाला धोका आहे का ते बघायचं, आणि तिच्या बाजूने बोलायला तिच्या पसंतीचं एक मोठं माणूस बसवायचं. भिंगरीने मला निवडलं.

"मला? डोकं ठिकाणावर आहे का तिचं?"

"तुम्ही चालणार नाही असं नियमात कुठे नाही," मोठ्या बाई हसू दाबत म्हणाल्या.

सुनावणीला भिंगरीची आई पर्सचा पट्टा पिळत बसली होती. वर्षाच्या मध्यात दुसरी शाळा तिच्या मुलीला दारात उभं करणार नव्हती. मी आधी डावीकडच्या खुर्चीत बसून चांगलं तिखटमीठ लावून तक्रार सांगितली. मग उठून भिंगरीच्या शेजारी जाऊन बसले.

"आता तिच्या बाजूने बोला," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला धोका होता का?"

झाली का पंचाईत. खोटं बोलणं माझ्या जिवावर येतं.

"धोका कसला डोंबलाचा," मी म्हणाले. "आत खुर्ची पुसून ठेवली होती. पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा. वर ही दाराबाहेरून विचारतेय, बाई, पंखा लागला का?"

मोठ्या बाईंना ठसका लागला. भिंगरीच्या आईला तेव्हा कुठे जरा हसू आलं.

"मग काढायचं कशाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाहीच काढायचं," मी तावातावाने म्हणाले. "हिला बीजगणित येत नाही म्हणून ही कड्या घालते. घरी बसवून ते येणार आहे का? शाळा सुटल्यावर रोज माझ्याकडे पाठवा."

माझाच अर्ज मी हाणून पाडला होता, आणि खरं सांगते, मला भारी वाटत होतं.

बाहेर आल्यावर मी भिंगरीला गाठलं. "एवढ्या शिक्षकांत मीच बरी सापडले तुला?"

"बाकीच्यांना माझी कीव आली असती, बाई. तुम्ही भांडता."

"उद्या चाचणी आहे," मी कसंबसं म्हणाले.

"खडू मी आणून देते," ती म्हणाली.