तळणीचा वास

मार्चमध्ये साथीमुळे बिश्केकमधला आमचा शिलाईचा कारखाना बंद झाला. शहरात चार भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा नारीनच्या डोंगरातलं आईचं घर बरं, असं म्हणून मी बायको महाबतला आणि लेक आयपेरीला गाडीत घातलं. आई गेल्यापासून त्या घराला कुलूप होतं.

वाटभर मी मनात मांडे खात होतो. नव्याने राहायला आलेल्यांना आधीपासूनच्या शेजाऱ्यांनी पहिलं जेवण द्यायचं, ही आमची रीत. त्याला ओरुल्युक म्हणतात. लहानपणी उन्हाळ्यात कुरणावर जायचो तेव्हा शेजारच्या नव्या तंबूतून धूर दिसायचा अवकाश, आई किटली आणि रोट्या घेऊन निघायची. मागे मी, सायीची वाटी धरून. अर्धी साय वाटेतच माझ्या पोटात जायची. आईला ते ठाऊक असायचं, तरी ती मागे वळून बघायची नाही. तशी साय शहरात कधी मिळाली नाही, आणि तशी आईही.

गावात पोचल्यावर रोगाच्या भीतीने आम्हाला घरात कोंडलं, शहराचा रस्ताही बंद केला, ते ठीक. पण मुदत संपली तरी कुणी फिरकेना. लोक लांबून सलाम करत, आमच्या धुराड्याकडे बघत आणि पुढे जात. शेजारची कालिया एजे, म्हणजे थोरली ताई, तर आईची जन्माची मैत्रीण, पण तीसुद्धा गाय दोहून सरळ आत जाई.

"घाबरत असतील," महाबत म्हणाली.

"आता कसली भीती? आपण परके झालो यांना. रस्ता उघडला की परत जाऊ."

"तिथे कोण बसलंय पायघड्या घालून?"

मी सरपण फोडायला गेलो.

रस्ता उघडला त्या सकाळी मी गाद्या गाडीवर बांधायला घेतल्या. कालिया एजे बादली घेऊन कुंपणाशी आली.

"निघालास?"

"निघालो, एजे. आईच्या वेळी सामान उतरायच्या आत शेजाऱ्याची किटली यायची. आम्हाला कुणी घोटभर चहा विचारला नाही."

मी गाद्यांवरची दोरी आवळली.

एजेने बादली खाली ठेवली. "म्हणजे ओरुल्युकची वाट बघत होतास?"

"रीत आहे ना?"

"ती नवख्यांसाठी. स्वतःच्या आईच्या घरी आलेल्याला ओरुल्युक कोण देतं रे? आणलं असतं तर तूच म्हणाला असतास, म्हातारीने मला पाहुणा केलं." मग ती आमच्या धुराड्याकडे बघून म्हणाली, "इथे सगळा गाव तुझ्या तळणीच्या वासाची वाट बघतोय. घर उघडलंस, चूल पेटवलीस, आणि आईच्या नावाने सात रोट्या तळल्या नाहीस. मेलेल्या माणसाला वास तेवढा पोचतो, बाळा. तिच्याआधी आम्ही कसं यायचं?"

मी दोरी सोडली. शहरात आम्हीही दर गुरुवारी मेलेल्यांच्या नावाने तळायचो. वरच्या मजल्यावरचे वासाची तक्रार करू लागले, तसं खिडकी लावून तळायला लागलो, मग तेही सुटलं. आई इतकी वर्षं उपाशी होती, आणि मी चहाच्या घोटासाठी रुसून बसलो होतो.

महाबतने गाडीतून कढई काढली. मी कणीक मळली. दारं-खिडक्या सताड उघडून आम्ही रोट्या तळल्या आणि वास कुंपणापलीकडे गेला. एजेने दोन्ही तळवे वर करून दुवा मागितली आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. रस्त्याने जाणारे थांबले आणि त्यांनीही तसंच केलं.

"पोचलं तिला," एजे म्हणाली. "आता वाटून ये. कोरडं कसं देशील?" आणि तिने कुंपणावरून सायीची वाटी दिली.

गाद्या उतरवल्या. मग रोट्यांचं ताट घेऊन मी घरोघरी निघालो. मागे आयपेरी, वाटी धरून. थोडं चालल्यावर तिची पावलं रेंगाळली, आणि बोट चाटल्याचा आवाज आला.

मी मागे वळून पाहिलं नाही.