आधी कुठून, मग कुठे

आयटीच्या पदव्युत्तर वर्गाला एकोणीस वर्षं शिकवणाऱ्या मॅडम नाकावर माशी बसू देत नसत. त्यामुळे एका कंपनीतला इंजिनियर सत्रभर लॅबमध्ये सोबत शिकवणार म्हटल्यावर त्यांचं डोकंच फिरलं. ‘आता हे आम्हाला अक्कल शिकवणार,’ असं सकाळी नवऱ्याला ऐकवूनच त्या घरातून निघाल्या होत्या.

इंजिनियर निघाला अगदी साधा. दवाखान्यांची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळण्यात बावीस वर्षं घालवलेला माणूस, पण कुठे मिरवणं नाही. मग मॅडमच जरा मिरवल्या. दुपारी दोनला मुलांचे प्रकल्प परीक्षकांकडे जायचे होते, त्यांचा बॅकअप त्या त्याच्यादेखत घ्यायला बसल्या. यात कॉपीची कमांड लिहिताना आधी कुठून घ्यायचं ते लिहायचं, मग कुठे ठेवायचं. बोलण्याच्या नादात मॅडमनी नेमकं उलटं लिहिलं आणि एंटर मारलं. सहा आठवड्यांपूर्वीची जुनी प्रत एकतीस जणांच्या ताज्या कामावर जाऊन बसली आणि ते पुसलं गेलं.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस जणांचं वर्ष आपण एका बोटाने घालवलं, एवढंच त्यांना कळत होतं.

“सगळ्यांनी कीबोर्डवरचे हात काढा,” इंजिनियर म्हणाला. मग त्याने वर्गाला विचारलं, “ही चूक याआधी कोणी केलीये?”

आता आपले धिंडवडे निघणार, असं मॅडमना वाटलं. मागच्या बाकावरून एक हात वर आला. ह्याच चुकीसाठी मॅडमनी गेल्या वर्षी प्रॅक्टिकलला नापास केलेली मुलगी होती ती.

“मग तुम्ही पुढे या. आमच्याकडे अशा वेळी आधी पोळलेल्या माणसालाच खुर्ची देतात.”

ती मान खाली घालून आली. “मला तेव्हापासून धसकाच बसलाय, सर. रोज सकाळी सगळ्यांच्या कामाची एक प्रत मी दुसऱ्या मशीनवर ठेवते. आजचीही आहे. हसतील म्हणून कोणाला बोलले नाही.”

मॅडमच्या खुर्चीत बसून तिने कमांड लिहिली. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती मोठ्याने वाचली: कुठून हे, कुठे ते. इंजिनियरने पुन्हा वाचली. मगच एंटर.

एकेकाचं काम पडद्यावर परत यायला लागलं तसा मॅडमच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर लाल पेनाने चुकांना गोल करत आलेल्या बाई त्या. नापास केलेली पोरगी त्या चुकीतून एवढं शिकून बसली असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एकतीसच्या एकतीस प्रकल्प आले.

“मी तुला नापास केलं,” मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, “कारण चूक झाल्यावर पुढे काय करायचं, ते मलाच येत नव्हतं.”

मुलगी कानकोंडी होऊन उठायला लागली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारचं स्टूल ओढलं.

“बस गं. सगळं पहिल्यापासून सांग, मी लिहून घेते.”