कुलपातली खुरपी

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. माझी गोष्ट सांगते, पण आधी जरा लांब बसा. कोण कोणत्या हेतूने जवळ येतो ते सांगता येत नाही, आणि माझा स्वभाव मुळातच संशयी आहे.

एका लोहाराने मला मोडक्या ट्रकच्या पट्टीतून घडवले. माझी मूठ आधी दुसऱ्याच कुठल्या अवजाराची असावी, असा मला दाट संशय आहे. पुढे मी एका म्हातारीच्या परसात राबले. ती वांगी, मिरच्या, शेपू, कोथिंबीर सगळे बियांपासून करायची आणि दरवर्षी सर्वांत चांगल्या वांग्याचे बी धरायची. "माझ्या खुरपीला कोणी हात लावायचा नाही," असे ती साऱ्यांना बजावायची. ती गेली, तेव्हा तिच्या लेकीने मला फडक्यात गुंडाळून आपल्या घरी आणले. सोबत त्या वांग्याच्या बियांची एक पुरचुंडी होती. तसले बी दुकानात मिळत नव्हते. आईचे एवढेच काय ते उरले होते.

लेक शिवणकाम करायची. तिने मला शिलाई मशीनच्या खणात टाकले आणि ती मला विसरली. मी गंजत पडले. शेजारची कात्री माझ्याकडे बघून कुजबुजते, असे मला सारखे वाटे.

शेवटी एकदा तिने मनावर घेतले आणि मला खणातून बाहेर काढले. ती, तिची लहान मुलगी आणि सासरे मिळून मागच्या अंगणात घरची बाग करायला लागले. सासरे आयुष्यभर पहारेकरी होते. आल्यागेल्याची पिशवी उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आमचे लगेच जमले.

धणे रगडून पेरले. शेपू नि मिरचीचे बी पाकिटातले. आईचे बी मात्र एका पसरट कुंडीत, वेगळे.

"बी जुनं आहे, सूनबाई. उगवेल असं काही वाटत नाही," सासरे म्हणाले.

"उगवेल, बाबा. आईच्या हातचं आहे," ती म्हणाली. तिचा आवाज मला खात्रीचा वाटला नाही.

इथूनच गडबड सुरू झाली. शेपू वर आला, मिरचीही आली, पण त्या कुंडीत काही हालचाल नाही. उलट रोज तिथली माती उकरलेली दिसू लागली. सासऱ्यांचा संशय शेजारणीच्या मांजरावर, मुलीचा चिमण्यांवर, शिवणवालीचा मुलीवर. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, आणि मला तर सगळे ठाऊक होते! पहाटे सासरे मला हळूच उचलत, एक बी वर काढून डोळ्यांजवळ धरत आणि परत मातीत दाबून टाकत. शाळेला जाण्याआधी मुलगी तेच करी. दुपारी मशीन थांबवून शिवणवाली येई. आपण जरासे तर पाहिले, असे प्रत्येकाला वाटे. पांढरे मूळ फुटलेले बी मी माझ्या पात्यावर पाहिले आणि ते मूळ तुटतानाही पाहिले. मला ओरडावेसे वाटले, मित्रांनो, पण खुरपीचे कोण ऐकणार?

एका सुट्टीच्या दिवशी सासरे वाळत घातलेल्या चादरीआड दबा धरून बसले. सून मला घेऊन कुंडीवर वाकली तसे ते बाहेर आले.

"सापडला चोर! सूनबाई, तू?"

"मी नुसतं बघत होते हो," ती दचकून म्हणाली. मग तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. "आणि बाबा, तुमच्या नखांत ही माती कसली?"

सासऱ्यांनी हात पाठीमागे नेले. तेवढ्यात मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मी पण बघते रोज. पण मी परत झाकते ना!"

कोणी हसले नाही. शिवणवालीने सारी माती हातांनी चाळली. एकही बी धड नव्हते. "आईचं बी आपणच घालवलं," म्हणत ती पायरीवर बसून रडली. सासरे तिच्याजवळ नुसते उभे राहिले.

मग ती उठली आणि आतून ती पुरचुंडी घेऊन आली. तळाशी चिमूटभर बी होते.

"तुम्हा दोघांचा भरवसा नव्हता, म्हणून थोडं हातचं राखलं होतं," ती म्हणाली. "आता माझाही नाही."

तिने ते पेरले, मला खणात टाकून कुलूप लावले, आणि जिच्या मांजरावर आळ घेतला होता त्याच शेजारणीकडे किल्ली दिली.

अंधारात माझ्या मनात नाही नाही त्या शंका आल्या. बी कुजले असेल, मला भंगारात घालणार असतील. मग एकदा खण उघडला. कुंडीत जांभळट देठांची रोपे उभी होती! शिवणवालीने मला सासऱ्यांपुढे धरले.

"बाबा, मोठ्या कुंडीत तुम्ही लावा."

"माझ्या हातात देतेस?"

"तुमच्याच."

त्यांनी मला हातात घेतले. शेवटपर्यंत मला धाकधूक होती. पण त्यांनी बेताचा खड्डा केला, मातीसकट रोप उचलले आणि अलगद बसवले. सगळी रोपे लावून झाल्यावर मला सुनेकडे देत म्हणाले, "आता हिला कुलपात ठेव. आणि किल्ली शेजारी दे."

मित्रांनो, मला वापरलेत की धुऊन पुसून ठेवा, पात्याला तेलाचे बोट लावा. पण बी पेरल्यावर मला हाक मारू नका. पाणी घाला, ऊन द्या आणि वाट बघा. तुम्ही ऐकाल याची मला मुळीच खात्री नाही. एवढे मात्र सांगते, की खणात अंधार असला तरी आता मला भीती वाटत नाही. बाहेर काहीतरी उगवत असणार.