मानाचा घास
झूराकाननं एकतीस वर्षं काराकोल शहरातल्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढली होती, त्यामुळे ह्या नव्या खाजगी दवाखान्याच्या दारात पाऊल टाकताच तिचं डोकं फिरलं. दारातच टेबल मांडलेलं. त्यावर गरम नान, बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, डोंगर, सायीची वाटी आणि वाफाळती किटली. टेबलामागे आयझादा नावाची स्वागतिका छातीवर हात ठेवून वाकली होती. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: 'आदरणीय ज्येष्ठांसाठी. सकाळी या, ऑपरेशन करून संध्याकाळी घरी जा.' योजनेचा आज पहिलाच दिवस होता.

"आजी, नानला तोंड लावल्याशिवाय आत जायचं नाही हं!" आयझादा लाडात येऊन म्हणाली.

"अगं बाई, इथे माणसं उपाशीपोटी यायला हवीत ना? पूर्ण भूल द्यायचीय त्यांना."

"चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे, आजी. संचालकांनी मुद्दाम सांगितलंय. वडीलधारं माणूस दारात आलं आणि नान पुढे न करता आत नेलं, तर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील! म्हणजे माणूस मेला तरी चालेल, पण पाहुणचार होऊन मेला पाहिजे.

झूराकानचे गुडघे दुखायचे, म्हणून ती फाटकापासून हळूहळू आली होती. नवरा पुढे झाला होता आणि मुलगा मेलिस गाडी लावायला गेला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कादिरकुल, अंतर्गळाच्या ऑपरेशनसाठी आलेला, यादीत पहिला. बाकावर रुबाबात बसला होता आणि त्याच्या मिशीला साय लागली होती.

"अहो, काय खाल्लंत?"

"काही नाही."

"मग मिशी कुणी रंगवली?"

"चारचौघांत तोंड आवर जरा," कादिरकुल पुटपुटला आणि त्यानं मिशी पुसली.

पुढे आलेल्या नानला नाही म्हणायची पद्धत त्याच्या सात पिढ्यांत नव्हती, हे तिला कबूल होतं. पण चाख म्हटल्यावर चाखून थांबायची अक्कलही सात पिढ्यांत कुणाला नव्हती, त्याला काय करायचं?

तिला भीती वाटली ती मात्र खरीखुरी. ती थिएटरात होती तेव्हा एका मेंढपाळाला असंच आणलं होतं. वाटेत कुणीतरी आग्रहानं वाडगाभर घोडीचं आंबवलेलं दूध पाजलेलं, आणि तो बिचारा नाही खाल्लं, नाही प्यायलं म्हणत राहिला. भूल चढली तशी पोटातलं वर आलं आणि छातीत गेलं. तिसऱ्या दिवशी त्याला पुरला.

आत नेलं तिथे तर आदराला पूरच आला होता. म्हाताऱ्यांना मऊ लोकरी नमद्याच्या सपाता, म्हाताऱ्यांशी हळू आवाजात बोलायचं, म्हाताऱ्यांच्या पाठीमागे उशी. फक्त म्हाताऱ्यांना काही विचारायचं नाही. थोरामोठ्यांना खाण्यापिण्याचे प्रश्न विचारणं म्हणे बरं दिसत नाही. नर्सनं कागद घेतला आणि कादिरकुलच्या डोक्यावरून मेलिसला विचारलं, "वडिलांनी सकाळपासून काही खाल्लंय?"

"कणभरसुद्धा नाही," मेलिस छाती फुगवून म्हणाला. तो बाहेर गाडी लावत होता तेव्हा आत काय उरकलं होतं, हे त्या शहाण्याला काय ठाऊक?

"खाल्लंय!" झूराकान म्हणाली. "तुमच्याच दारात खाल्लंय."

नर्स गोड हसली. "आजी, घाबरू नका. तुमच्यासाठी आराम करायला वेगळी खोली आहे."

"आई, नको ना लाज आणूस," मेलिस तिच्या कानाशी कुजबुजला. "इथे सगळे ओळखीचे आहेत."

एकतीस वर्षं जिच्या हातून हत्यारं घेताना सर्जन मान खाली घालायचे, तिला हा पोरगा आरामाच्या खोलीत पाठवत होता. तिनं शिकवलं, पाजलं, वाढवलं, आणि हाती काय आलं? गाडी चालवणारा भोपळा.

तेवढ्यात सर्जन आला. तिलेक नावाचा, अजून चाळिशीही न गाठलेला. त्यानं झूराकानसमोर दोन्ही तळहात पसरले. "आजी, सुरू करण्याआधी आशीर्वाद द्या."

"देते. आधी त्याला विचार, त्यानं काय खाल्लं. पोराला नाही, त्याला."

तिलेक अवघडला. पण आशीर्वादावाचून हत्यार हाती घ्यायची त्याची छाती नव्हती. तो खाली वाकला. "आजोबा, रागावू नका. काही खाल्लंत का?"

कादिरकुलनं दारापाशी उभ्या असलेल्या आयझादाकडे पाहिलं. पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं. पाहुण्यानं यजमानाचं नाक कापायचं? छे!

"नाही, बाळ," तो शांतपणे म्हणाला. "काही नाही."

"बघा आजी," तिलेक सुटल्यासारखा म्हणाला. "आजोबा स्वतः सांगतायत. थोरामोठ्यांचा शब्द कसा मोडायचा?"

त्यांनी कादिरकुलला चाकाच्या खाटेवर झोपवलं आणि खाट थिएटरच्या दरवाजाकडे वळवली. झूराकानला क्षणभर रडूच कोसळणार होतं. पन्नास वर्षं ह्या माणसाशी भांडली होती ती, आणि हा आता एका स्वागतिकेची लाज राखायला मरायला निघाला होता! रडण्याऐवजी ती फिरली, भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नवऱ्याला पुरायच्या दिवशी बायको जो हेल काढते, तोच हेल तिनं खणखणीत आवाजात काढला.

"गेलास रे धनी माझ्या, गेलास! घराचा खांब पडला रे! गरीब नव्हतास, उपाशी नव्हतास, भरल्या पोटी गेलास रे!"

बाहेर हॉलमध्ये आपल्या पाळीची वाट बघत बसलेले सहा म्हातारे दचकून उठले. मयताच्या घरी शिरताना पुरुष रडत येतात, तसा एकानं हंबरडाही फोडला. मेलिस "आई! आई!" करत तिचा दंड ओढू लागला. तिनं त्याला कोपरानं ढकललं.

"लबाड नव्हतास रे, लाजाळू होतास! डॉक्टरला सांगेना रे माझा राजा! सहा बोरसोक खाल्लेस, वाटीभर साय चाटलीस..."

"तीन!" कादिरकुल खाटेवर ताडकन उठून बसला. "तीनच खाल्ले, खोटारडे! आणि साय दोघांनाच लावली होती!"

तिलेकनं तोंडावरचा मास्क काढला.

"आणि चहा, आजोबा?" त्यानं विचारलं.

"दोन पेले," कादिरकुल खाली बघत म्हणाला. "दूध घालून."

तिलेक बाहेर हॉलमध्ये गेला. आवाज हळू ठेवायचंही त्याला सुचलं नाही. "आज ज्यांचं ऑपरेशन आहे, त्यांपैकी दारात कुणी कुणी खाल्लं?"

सहाच्या सहा म्हाताऱ्यांनी, यजमानाचा मान राखल्याच्या समाधानात, हात वर केले.